विश्लेषण : धनुर्वाताचे विष शरीरात नेमके काय तोडते?

शेतात पाय कापला की धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यायचे, हे सगळ्यांना माहीत असते. ते कशापासून वाचवते, याचे उत्तर पेशीतल्या सूक्ष्म थैल्यांच्या वाहतुकीत आणि त्या थैल्या रिकाम्या करणाऱ्या चार पदरी प्रथिनांच्या पिळात आहे.

हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे वसमत तालुक्यातले मोठे गाव. ऊस, केळी आणि हळद ही या भागाची पिके. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. जानेवारी ते मार्च हा हळद काढणीचा हंगाम. विळ्याने पाला कापायचा, कुदळीने किंवा ट्रॅक्टरने गड्डे उकरायचे, माती झाडून कंद मोडायचे, मग शिजवणे, वाळवणे, पॉलिश. पाला कापल्यावर उरलेली खुंटे टोकदार असतात, बरेच जण अनवाणीच असतात आणि जमिनीत शेणखत मुरलेले असते. हातापायाला जखम झाली की त्यावर हाताशी असलेली हळदच दाबली जाते. घरातले कोणी वडीलधारे असेल तर संध्याकाळी विचारते, ‘धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले का?’

प्रश्न अगदी योग्य आहे. शेणखताच्या मातीत धनुर्वाताच्या जीवाणूचे, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम टेटनीचे, बीजाणू सर्वत्र असतात. गंजलेल्या खिळ्याची भीती सगळ्यांना वाटते, पण गंजामुळे धनुर्वात होत नाही. खिळा खोल रुततो, मातीतले बीजाणू आत नेतो आणि तिथे हवा पोहोचत नाही, हे खरे कारण. हा जीवाणू ऑक्सिजन नसलेल्या जागीच वाढतो. स्वच्छ दिसणारा काटा किंवा हळदीचे खुंटही तेच काम करू शकते. हळदीचा जंतुनाशक गुण प्रयोगशाळेत दिसत असला तरी खोल जखमेतल्या बीजाणूंपुढे तिच्यावर विसंबता येत नाही.

गंमत अशी की हा जीवाणू जखमेबाहेर फारसा जातच नाही. तो तिथेच बसून एक विष सोडतो. माणसाच्या जिवावर बेतायला हे विष शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे अडीच नॅनोग्रॅम पुरते. म्हणजे साठ किलोच्या माणसासाठी दीडशे नॅनोग्रॅम, एका ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या हिशेबातली मात्रा. इतक्या कमी विषाने धडधाकट माणूस धनुष्यासारखा वाकतो कसा? कारण ते शरीरातल्या एका अत्यंत मोक्याच्या यंत्रणेला हात घालते.

पेशीत मालवाहतूक कशाची?

पेशी म्हणजे रसाने भरलेली साधी पिशवी नव्हे. तिच्या आत प्रथिने एका ठिकाणी तयार होतात, दुसऱ्या ठिकाणी त्यांच्यावर संस्कार होतात आणि तिसऱ्या ठिकाणी ती वापरली जातात. हा माल मोकळा सोडला तर गोंधळ माजेल. म्हणून तो पटलाच्या इवल्याशा थैल्यांत भरला जातो. या थैल्यांना पुटिका म्हणतात. स्वादुपिंडातले इन्सुलिन पुटिकांतून रक्तात येते. गाईम्हशींच्या कासेतल्या पेशी दुधातले केसिन पुटिकांतूनच बाहेर टाकतात. लस टोचल्यावर तयार होणारी प्रतिपिंडेही याच मार्गाने पेशीबाहेर पडतात.

ही वाहतूक सर्वांत चुरशीची होते ती चेतापेशींत. मेरुरज्जूपासून पावलापर्यंत जाणारा चेतातंतू जवळपास मीटरभर लांब असू शकतो. त्या लांबीवर माल वाहून नेणारी चालक प्रथिने असतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संध्या कौशिका यांचा गट सूक्ष्म कृमींच्या चेतापेशींत हीच वाहतूक अभ्यासतो. तंतूच्या टोकाशी पुटिका रांगेत थांबलेल्या असतात. एकेकीचा व्यास सुमारे ४० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या अंतरात अशा पंचवीस हजार पुटिका ओळीने मावतील. प्रत्येकीत चेतासंदेशक रसायनाचे हजारो रेणू असतात. मेंदूचा आदेश आला की पुटिकेने पेशीच्या बाह्य पटलाशी एकजीव व्हायचे आणि आतले रसायन पलीकडे सांडायचे. पलीकडचा स्नायू किंवा दुसरी चेतापेशी त्यावर हालचाल करते. आदेश पोहोचल्यापासून रसायन सांडेपर्यंत लागणारा वेळ एका मिलिसेकंदाहूनही कमी असू शकतो.

डोळ्याची पापणी लवते, घास चावला जातो, श्वास चालतो, ते सगळे या एका क्रियेवर अवलंबून आहे. तिला पटलांचे विलीनीकरण म्हणतात.

दोन पटले आपोआप का मिसळत नाहीत?

वरणावर तरंगणारे तुपाचे दोन थेंब जवळ आले की चटकन एक होतात. पटलही स्निग्ध पदार्थांचेच बनलेले असते. मग पुटिका पेशीच्या पटलाला लागताच विरघळून का जात नाही?

कारण पटल हे दोन थरांचे असते. स्निग्ध रेणूंच्या तेलकट शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून, आणि पाण्याला धार्जिणी डोकी बाहेर. या डोक्यांना पाणी घट्ट चिकटलेले असते आणि त्यांच्यावर विद्युतभारही असतो. दोन पटले जवळ येऊ लागली की मधले पाणी हलायला तयार नसते आणि सारखे भार एकमेकांना ढकलतात. शेवटच्या दोनएक नॅनोमीटरच्या अंतराला खरी किंमत मोजावी लागते.

ही अडचण म्हणजेच पेशीची सुरक्षा आहे. पटले आपसूक मिसळत असती तर पेशीतल्या सगळ्या थैल्या क्षणात एकमेकींत विरून गेल्या असत्या. तेव्हा पेशीला हवे ते असे : एरवी पटले अलग राहावीत, पण ठरलेल्या जागी, ठरलेल्या क्षणी, ठरलेली दोन पटले मात्र झटकन एक व्हावीत. तो जोर प्रथिने लावतात.

चार पदरांचा पीळ

या प्रथिनांच्या कुटुंबाला स्नेअर म्हणतात. चेतापेशीच्या टोकाशी त्यांतली तीन काम करतात. पुटिकेच्या अंगावर सिनॅप्टोब्रेव्हिन असते. पेशीच्या बाह्य पटलावर सिंटॅक्सिन आणि स्नॅप-२५ असतात. एकेका पुटिकेवर सिनॅप्टोब्रेव्हिनच्या सरासरी सत्तरेक प्रती सापडतात. एकटे असताना हे धागे बऱ्यापैकी सैल, लुळे असतात. समोरासमोर आले की ते एकमेकांभोवती गुंडाळू लागतात. सिनॅप्टोब्रेव्हिनचा एक पदर, सिंटॅक्सिनचा एक आणि स्नॅप-२५ चे दोन, असा चार पदरी दोर वळला जातो. १९९८ मध्ये क्ष-किरणांच्या साह्याने या दोराची रचना प्रत्यक्ष पाहण्यात आली.

महत्त्वाचे म्हणजे पीळ कोणत्या बाजूने बसतो. तो पटलांपासून दूरच्या टोकाला सुरू होतो आणि पटलांच्या दिशेने सरकत येतो. दोन पोत्यांच्या तोंडांना बांधलेल्या दोऱ्या एकमेकींत वळत आणल्या तर शेवटी पोत्यांची तोंडे एकमेकांवर दाबली जातील, तसे. पुटिका आणि बाह्य पटल यांच्यात अडलेले पाणी या ओढीने बाजूला सारले जाते. आधी दोन्ही पटलांचे समोरासमोरचे थर एक होतात, मग मागचे. एक छिद्र उघडते, ते रुंदावते आणि पुटिका पेशीच्या पटलाचाच भाग बनते. यासाठी बाहेरून वेगळे इंधन लागत नाही. सैल धाग्यांनी घट्ट पीळ धरताना जी ऊर्जा मोकळी होते, तीच पटले एकत्र आणते.

नुसत्या स्नेअर प्रथिनांनी हे घडते का, याची परीक्षाही १९९८ मध्येच झाली. जेम्स रॉथमन यांच्या प्रयोगशाळेने पेशी बाजूला ठेवून कृत्रिम स्निग्ध थैल्या घेतल्या. काहींवर पुटिकेकडचे स्नेअर बसवले, काहींवर पटलाकडचे. थैल्या एक झाल्या. मात्र तिथे विलीनीकरण संथ होते. चेतापेशीतला वेग मिळायला आणखी काही प्रथिनांची मदत लागते. सिंटॅक्सिनला योग्य वेळेपर्यंत मिटवून धरणारी, मग उघडणारी, अर्धवट पीळ तसाच रोखून ठेवणारी अशी बरीच मंडळी त्यात आहेत. त्यांतले एकच नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे, सिनॅप्टोटॅग्मिन. आदेश आला की चेतापेशीच्या टोकात कॅल्शियम शिरते. सिनॅप्टोटॅग्मिन ते कॅल्शियम पकडते आणि अडवून धरलेला पीळ पूर्ण होतो. हा दुवा थॉमस स्यूडहोफ यांनी उलगडला. रॉथमन, स्यूडहोफ आणि यीस्टच्या पेशीत वाहतुकीची जनुके शोधणारे रँडी शेकमन या तिघांना २०१३ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले.

कुलाब्याशी नाते असलेली माशी

पीळ बसला, रसायन सांडले. पुढे काय? दोर वळलेलाच राहिला तर तीच प्रथिने पुन्हा वापरता येणार नाहीत आणि थोड्याच वेळात चेतापेशी ठप्प होईल. हा पीळ इतका घट्ट असतो की तो आपोआप सुटत नाही. तो उलगडण्यासाठी एनएसएफ नावाचे प्रथिन लागते आणि या कामात मात्र पेशीचे इंधन, म्हणजे एटीपी, खर्च होते. पेशी पैसे मोजते ते गाठ मारण्यासाठी नव्हे, सोडवण्यासाठी.

या प्रथिनाच्या कथेत मुंबईचा एक धागा आहे. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सिमोर बेंझर यांच्यासोबत काम करताना त्यांनी फळमाश्यांचे चमत्कारिक वाण अभ्यासले. केळी पिकल्यावर घोंघावणाऱ्या त्याच चिमुकल्या माश्या. काही वाण नेहमीच्या तापमानाला नीट उडत, ऊब वाढली की लुळे पडत. १९७६ मध्ये दोघांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात अशा एका वाणाचे नाव होते ‘कोमॅटोस’, म्हणजे बेशुद्ध. गार केल्यावर इतर वाण लगेच सावरत, ही माशी मात्र शुद्धीवर यायला बराच वेळ घेई. म्हणून हे नाव.

बिघाड चेतापेशींत आहे एवढे तेव्हा कळले होते. नेमके कोणते प्रथिन बिघडले, हे कळायला १९९५ उजाडले. अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी दाखवले की कोमॅटोस हे एनएसएफचेच जनुक आहे. पुढच्या काही वर्षांत चित्र स्पष्ट झाले. माशीला ऊब लागली की एनएसएफ काम थांबवते, वळलेले दोर साचत जातात, पुटिका टोकाशी तशाच ताटकळतात आणि माशी आडवी होते. सिद्दिकी नंतर बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राचे संस्थापक संचालक झाले. जुलै २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. रॉथमन यांचे नोबेल त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जाहीर झाले. एनएसएफ पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळे काढले होते ते रॉथमन यांच्याच प्रयोगशाळेने. माशी आधी आणि रेणू नंतर, असा हा उलटा प्रवास आहे. जीवशास्त्रात असे वरचेवर घडते.

विष नेमका घाव कुठे घालते?

आता पुन्हा जखमेकडे. धनुर्वाताच्या विषाचे दोन भाग असतात, जड आणि हलका. जड भाग जखमेजवळच्या चेतातंतूच्या टोकाला चिकटतो आणि विषाला आत घेऊन जातो. आत जाण्यासाठी ते पेशीच्याच पुटिकांचा वापर करते. ज्या वाहतुकीचा गळा घोटायचा, तिच्याच गाडीत ते बसते. तंतूतून उलट्या दिशेने प्रवास करत ते मेरुरज्जूपर्यंत पोहोचते. म्हणूनच जखम झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण तीन ते एकवीस दिवस लागतात आणि जखम मेरुरज्जूपासून जितकी दूर तितका वेळ सहसा जास्त. जबड्याच्या चेतातंतूंची लांबी कमी असल्याने दातखिळी सहसा आधी बसते.

मेरुरज्जूत विष एक पाऊल आणखी पुढे टाकते. स्नायूंना ‘ओढ’ असा आदेश देणाऱ्या चेतापेशीतून बाहेर पडून ते शेजारच्या चेतापेशीत शिरते. या शेजारच्या पेशीचे काम ‘पुरे’ म्हणण्याचे. ग्लायसिन आणि गाबा ही रसायने सोडून त्या स्नायूंच्या आदेशांना आवर घालतात. इथे विषाचा हलका भाग मोकळा होतो. तो एक कात्री आहे, आणि ती पुटिकेवरचे सिनॅप्टोब्रेव्हिन कापते.

१९९२ मध्ये इटलीतील पादुआच्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या संशोधनात हे उघड झाले. मानवी सिनॅप्टोब्रेव्हिन ११६ अमिनो आम्लांची साखळी आहे. त्यातील ७६ व्या आणि ७७ व्या दुव्यांमधली एकच जोडणी विष तोडते. कापलेला पदर पटलापासून सुटतो. पीळ वळला तरी पुटिकेला ओढण्यासाठी काही उरत नाही. रसायनाने भरलेल्या पुटिका टोकाशी तशाच उभ्या राहतात. शिवाय कात्री एकदा कापून संपत नाही. एक रेणू एकामागून एक कितीतरी पदर कापत राहतो. दीडशे नॅनोग्रॅम का पुरतात, ते इथे कळते. एक बारकावा असा की चारही पदरांचा घट्ट पीळ बसलेला असेल तर विषाला ती जागा सापडत नाही. सैल पदरच कापला जातो. पण रोजच्या कामात प्रत्येक पीळ कधी तरी एनएसएफ सोडवतेच.

‘पुरे’ म्हणणारा आवाज बंद झाला की स्नायूंवर फक्त ‘ओढ’ हा आदेश उरतो. शरीराच्या पुढच्या आणि मागच्या बाजूचे स्नायू एकाच वेळी आखडतात. पाठीचे स्नायू अधिक ताकदवान असल्याने शरीर मागे वाकून कमान होते. धनुर्वात हे नाव त्यावरूनच आले. सुश्रुतसंहितेतही धनुःस्तंभ या नावाने अशा आजाराचा उल्लेख आहे. दिव्याचा झोत, दार आपटल्याचा आवाज, नुसता स्पर्श, एवढ्यानेही झटका येतो. रुग्णाची शुद्ध मात्र हरपत नाही. सगळे कळत असताना, हाडे मोडतील इतके स्नायू आवळले जातात.

मग बोटॉक्स उलटे काम कसे करते?

धनुर्वाताच्या जीवाणूचा एक भाऊबंद आहे. त्याचे विष म्हणजे बोटुलिनम. या विषाचे अनेक प्रकार आहेत आणि त्यातील ‘बी’ प्रकार सिनॅप्टोब्रेव्हिनला अगदी त्याच जागी, ७६ आणि ७७ यांच्या मध्येच कापतो. तरी परिणाम पूर्ण उलटा. बोटुलिनममुळे स्नायू ताठत नाहीत, लुळे पडतात.

कात्री तीच, कापण्याची जागाही तीच. फरक आहे तो पेशीचा. बोटुलिनम स्नायूला लागून असलेल्या चेतातंतूच्या टोकाशीच थांबते आणि ‘ओढ’ हा आदेश बंद करते. धनुर्वाताचे विष मेरुरज्जूपर्यंत जाऊन ‘पुरे’ हा आदेश बंद करते. एकच प्रथिन, एकच घाव. पण कोणत्या पेशीत विलीनीकरण थांबले, यावर माणूस लुळा पडणार की ताठणार हे ठरते. सुरकुत्या घालवण्यासाठी टोचल्या जाणाऱ्या बोटॉक्समध्ये याच कुटुंबातला ‘ए’ प्रकार असतो. तो स्नॅप-२५ या प्रथिनाच्या २०६ दुव्यांपैकी टोकाचे फक्त नऊ दुवे छाटतो. तेवढ्यानेही पीळ नीट बसत नाही. मानेचे, पापण्यांचे स्नायू नको तेव्हा आखडणाऱ्या रुग्णांना याच विषाच्या मोजक्या मात्रेने आराम मिळतो.

शास्त्रज्ञांच्या दृष्टीने ही विषे मोठी मदतनीस ठरली. १९९३ मध्ये रॉथमन यांच्या गटाने जनावरांच्या मेंदूतून एनएसएफच्या साखळीला जोडली जाणारी तीन प्रथिने वेगळी काढली. विलीनीकरण घडवणारी प्रथिने हीच असतील, असा अंदाज त्यांनी मांडला. त्यांतले सिनॅप्टोब्रेव्हिन कापले की चेतापेशीचा संदेश थांबतो, हे आदल्याच वर्षी विषाच्या अभ्यासातून कळले होते. स्नॅप-२५ आणि सिंटॅक्सिन हीदेखील बोटुलिनमच्या इतर प्रकारांची भक्ष्ये असल्याचे त्याच सुमारास दिसले. दोन वेगळ्या वाटांनी निघालेली माणसे एकाच दारात भेटली.

एकदा आत गेल्यावर औषध का चालत नाही?

धनुर्वाताविरुद्धची तयार प्रतिपिंडे दिली जातात. मात्र ती फक्त बाहेर फिरणाऱ्या विषाला पकडतात. चेतापेशीच्या आत शिरलेल्या कात्रीपर्यंत ती पोहोचत नाहीत. मग डॉक्टरांच्या हाती उरते ते जखम साफ करणे, जीवाणू मारणे, अंधाऱ्या शांत खोलीत झटके आवरणे, श्वास चालू ठेवणे आणि वाट पाहणे. नव्याने जोडण्या उभ्या राहून चेतापेशी पूर्ववत व्हायला आठवडे लागतात. तोपर्यंत रुग्ण तगवायचा.

मुंबईने हा आजार फार जवळून पाहिला आहे. डॉ. जे. सी. पटेल आणि डॉ. बी. सी. मेहता यांनी ८,६९७ रुग्णांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. आकडाच पुरेसा बोलका आहे. डॉ. फारुख उडवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अतिदक्षता उपचारांतील १५० रुग्णांचा अनुभव नोंदवला. व्हेंटिलेटर आणि चोवीस तास देखरेख असेल तर पुष्कळ रुग्ण वाचू शकतात. गावापासून अशी सोय किती तासांवर आहे, हा प्रश्न मराठवाड्यात वेगळा सांगायला नको.

इंजेक्शन कोणाला, किती?

लशीत फॉर्माल्डिहाइडने निष्प्रभ केलेले विषच असते. त्यामुळे शरीर आधीच प्रतिपिंडे तयार ठेवते आणि खरे विष चेतातंतूला चिकटण्यापूर्वीच पकडले जाते. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सुरुवात धनुर्वातविरोधी उत्पादनापासूनच झाली होती.

या लशीचे सर्वांत मोठे यश नवजात बाळांत दिसते. १९८८ मध्ये जगभरात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळे धनुर्वाताने दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. नाळ अस्वच्छ विळीने कापणे, तिच्यावर शेण किंवा राख लावणे ही त्यामागची कारणे. गरोदर मातेला लस दिली की तिची प्रतिपिंडे वारेतून बाळाला मिळतात. २०१५ मध्ये भारताला माता व नवजात धनुर्वात निर्मूलनाचे प्रमाणपत्र मिळाले, म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. इथे निर्मूलनाचा अर्थ एवढाच; मातीतला जीवाणू कुठेही गेलेला नाही.

राहतात मोठी माणसे. आता बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी, मग १६ ते २४ महिन्यांत, ५ ते ६ व्या वर्षी आणि १० व १६ व्या वर्षी ही लस मिळते. पण देशव्यापी लसीकरण कार्यक्रम १९८५ मध्ये सुरू झाला. त्याआधी जन्मलेल्या अनेक शेतकरी पुरुषांचा प्राथमिक डोस कधीच पूर्ण झालेला नसतो. स्त्रियांना निदान गरोदरपणात लस मिळाली. पन्नाशी-साठीतल्या पुरुषांना ती जखम झाल्यावर मिळालेली एखाददुसरी सुई. आजही कोयता, कुदळ घेऊन शेतात उतरणाऱ्यांत हेच बरेच असतात.

‘लागले की एक इंजेक्शन’ या सवयीतली गफलत इथेच आहे. ज्याने पूर्वी तीन डोस घेतले आहेत, त्याचे शरीर एका बूस्टरने काही दिवसांत प्रतिपिंडे वाढवते. ज्याने कधीच घेतले नाहीत, त्याला त्या एका सुईने या जखमेपुरते संरक्षण मिळत नाही. अशा माणसाची जखम मातीने, शेणाने माखलेली असेल तर लशीसोबत तयार प्रतिपिंडेही द्यावी लागतात आणि पुढचे दोन डोस, एक महिनाभराने आणि एक सहा ते बारा महिन्यांनी, पूर्ण करावे लागतात. उलट प्राथमिक डोस पूर्ण असतील आणि शेवटचा डोस घेऊन पाच वर्षेही झाली नसतील तर प्रत्येक खरचटण्याला सुई टोचून घ्यायची गरज नाही. जखम स्वच्छ व किरकोळ असेल तर दहा वर्षांपर्यंत चालते. अडचण अशी की शेवटचा डोस कधी घेतला, हे बहुतेकांकडे कुठेच लिहिलेले नसते. आरोग्य केंद्रात टीडीची सुई घेतल्यावर तारखेचा कागद मागून घ्यावा, नाही तर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवावा.

गोवराप्रमाणे गावातल्या बाकीच्यांनी लस घेतली म्हणून आपण सुरक्षित, हा हिशेब इथे लागू नाही. धनुर्वात माणसाकडून माणसाला होत नाही, तो मातीतून होतो. आणि एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही, असेही नाही. आजारी पाडणाऱ्या विषाची मात्रा इतकी कमी असते की शरीराची प्रतिकारयंत्रणा तिची दखलही घेत नाही. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या रुग्णालाही बरे होत असतानाच लशीचा पहिला डोस द्यावा लागतो.